सेल्टिकचा २०२०-२१चा कोरडा मोसम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात, झालं काय?

ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबने २०११-१२ ते २०१९-२० अशी सलग नऊ वेळा स्कॉटिश लीग जिंकली होती. २०२०-२१मध्ये दहावी जिंकली असती, तर स्कॉटलंडच्या वरच्या विभागात आजवर कुणालाच न जमलेला विक्रम झाला असता. झालं भलतंच, त्या मोसमाचा एकही चषक हाती लागला नाही. लीग शहरातल्याच रेंजर्सने २५ गुणांच्या फरकाने नेली. लीग कपमधून सेल्टिक २९ नोव्हेंबर २०२०ला बाद झाला, स्कॉटिश कपमधून १८ एप्रिल २०२१ला, आणि युरोपा लीगच्या गटात तो तळाला राहिला. मध्येच प्रशिक्षक नील लेनन गेले, मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर लॉवेल यांनी निवृत्ती जाहीर केली आणि मोसमाअखेर कर्णधार स्कॉट ब्राउनने ॲबरडीनची वाट धरली.

पण डिसेंबर २०२०मध्ये तर सेल्टिकने हॅम्पडेन मैदानावर स्कॉटिश कप उंचावला होता. मग मोसम कोरडा कसा?

हा घोळ सगळ्यांचाच होतो. २० डिसेंबर २०२०चा तो अंतिम सामना आधीच्या, म्हणजे २०१९-२०च्या स्पर्धेचा होता. कोरोनामुळे ती स्पर्धा उपांत्य फेरीवर अडली होती, उरलेले सामने पुढच्या मोसमात खेळवले गेले. त्यामुळे तो चषक नोंदीत २०१९-२०च्या खात्यावर जातो. त्या विजयाने सेल्टिकचा 'चौथा तिहेरी मुकुट' पूर्ण झाला, म्हणजे सलग चार मोसमांतल्या बाराही देशांतर्गत स्पर्धा (दर मोसमात लीग आणि दोन्ही कप).

सामना मात्र डोळे उघडणारा होता. समोर हार्ट्स, तेव्हा दुसऱ्या विभागात खेळणारा संघ. सेल्टिक २-० पुढे होता, ९० मिनिटांनंतर २-२, जादा वेळेत ३-३, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ असा कसाबसा निसटला. हार्ट्सच्या गोलमध्ये क्रेग गॉर्डन उभा होता, त्याच उन्हाळ्यात सेल्टिक सोडून गेलेला. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

'सलग दहा'चं एवढं काय?

सलग नऊ स्कॉटलंडमध्ये तीनदा झालेत. १९६६ ते १९७४ प्रशिक्षक जॉक स्टीन यांचा सेल्टिक, १९८९ ते १९९७ रेंजर्स, आणि २०१२ ते २०२० पुन्हा सेल्टिक. तिन्ही वेळा दहावं हुकलं, आणि तिन्ही वेळा ते शहरातल्या दुसऱ्या संघाने हिसकावलं. १९७५मध्ये रेंजर्सने सेल्टिकला अडवलं, १९९८मध्ये सेल्टिकने रेंजर्सला. त्यामुळे ग्लासगोत 'दहा' हा आकडा म्हणजे तीन पिढ्यांचा हिशेब आहे.

दुसरी धार अशी की रेंजर्स २०१२मध्ये आर्थिकदृष्ट्या कोसळून चौथ्या विभागातून पुन्हा सुरुवात करत वर आला होता आणि २०१६मध्येच वरच्या विभागात परतला होता. सेल्टिकच्या नऊपैकी चार विजेतेपदं रेंजर्स खालच्या विभागांत असताना आली, हा टोमणा चाहत्यांना कायम ऐकावा लागे. दहावं हे त्याला उत्तर ठरणार होतं.

गुणतक्ता वाचायचा कसा? ३८ सामने आणि संघ फक्त १२, हे गणित जुळत नाही.

प्रत्येक संघ बाकीच्या अकरा संघांशी तीन-तीनदा खेळतो, म्हणजे ३३ सामने. मग तक्त्याचे दोन तुकडे पडतात, याला 'स्प्लिट' म्हणतात. वरचे सहा आपसात एकेक सामना खेळतात, खालचे सहा आपसात. झाले ३८. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. जास्तीत जास्त ११४.

२५ गुणांचा फरक नेमका आला कुठून?

शेवटचे आकडे आधी पाहू. रेंजर्स : ३२ विजय, ६ बरोबरी, एकही पराभव नाही, १०२ गुण, ९२ गोल केले, १३ खाल्ले. सेल्टिक : २२ विजय, ११ बरोबरी, ५ पराभव, ७७ गुण, ७८ गोल केले, २९ खाल्ले.

सेल्टिकने ११४पैकी ३७ गुण गमावले. त्यातले १५ पाच पराभवांत गेले आणि २२ अकरा बरोबऱ्यांत. म्हणजे संघ हरून बुडाला नाही, तो जिंकायचे सामने सोडून देऊन बुडाला. बरोबऱ्यांची यादी अशी : हिबर्नियनशी तीन, लिव्हिंगस्टनशी दोन, ॲबरडीनशी दोन, आणि किल्मार्नक, सेंट जॉनस्टन, डंडी युनायटेड, रेंजर्स यांच्याशी प्रत्येकी एक.

'रेंजर्सशी नीट खेळले असते तर लीग हातची गेली नसती' असं अजूनही म्हटलं जातं. हिशेब करून बघा. लीगमध्ये रेंजर्सशी चार सामने झाले, सेल्टिकला १२पैकी १ गुण मिळाला. समजा चारही जिंकले असते, तर सेल्टिकचे ७७ अधिक ११, म्हणजे ८८ गुण. रेंजर्सचे त्या सामन्यांतले १० वजा केले तरी ९२ उरतात. चारही लढती जिंकूनसुद्धा सेल्टिक चार गुणांनी मागे! लीग रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर गेली नाही, ती लिव्हिंगस्टनच्या मैदानावर आणि हिबर्नियनच्या ईस्टर रोडवर झिरपून गेली.

म्हणजे सेल्टिक बिघडला की रेंजर्स सुधारला?

दोन्ही, आणि हे मोजता येतं. २०१९-२०चा मोसम कोरोनामुळे थांबवला, तेव्हा सेल्टिकचे ३० सामन्यांत ८० गुण होते. २०२०-२१मध्ये तितक्याच ३० सामन्यांनंतर ६४. सोळा गुणांची घसरण. पण त्याच टप्प्यावर रेंजर्सचे ८२ होते. म्हणजे सेल्टिकने आदल्या वर्षीचाच खेळ जसाच्या तसा केला असता, तरी तो दोन गुणांनी मागेच असता.

रेंजर्सचे प्रशिक्षक म्हणून स्टीव्हन जेरार्डचं ते तिसरं वर्ष होतं आणि संघ मुरला होता. ३८ सामन्यांत १३ गोल खाणं हा ब्रिटिश लीगमधला विक्रम आहे. अशा वर्षी नुसतं 'नेहमीसारखं' खेळून भागत नाही, आणि सेल्टिक नेहमीसारखाही खेळला नाही.

पाच पराभव कोणते?

रेंजर्सकडून तीन (१७ ऑक्टोबर ०-२, २ जानेवारी ०-१, २ मे १-४), सेंट मिरेनकडून घरच्या मैदानावर १-२ (३० जानेवारी), रॉस काउंटीकडून ०-१ (२१ फेब्रुवारी).

मोसम कुठल्या क्षणी हातातून गेला?

१७ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर २०२०. सगळ्या स्पर्धा धरून बारा सामने, विजय फक्त दोन. क्रमाने : रेंजर्स ०-२, मिलान १-३, ॲबरडीन ३-३, लील २-२, ॲबरडीन २-० (जुन्या स्कॉटिश कपची उपांत्य फेरी), स्पार्टा प्राग १-४, मदरवेल ४-१, हिबर्नियन २-२, पुन्हा स्पार्टा प्राग १-४, रॉस काउंटी ०-२, मिलान २-४, सेंट जॉनस्टन १-१. (पहिला आकडा सगळीकडे सेल्टिकचा.) गोल केले १९, खाल्ले २८.

या यादीत एक नमुना दिसतो. लीलमध्ये २-० पुढे, शेवटी २-२. सॅन सिरोवर मिलानविरुद्ध २-० पुढे, शेवटी २-४. गोल करण्याची ताकद होती, आघाडी राखण्याची नव्हती. प्रतिस्पर्ध्याने दाब वाढवला की बचावफळी मागे सरकायची, मधली फळी तिच्यापासून तुटायची आणि मधल्या मोकळ्या जागेत समोरचा संघ आरामात चेंडू खेळवायचा. लेनन यांनी कधी तीन मध्यवर्ती बचावपटू खेळवले, कधी चौघांची बचावफळी, मग मधल्या फळीत चौघांचा 'डायमंड' केला. डिसेंबरात डायमंड जमला. मधल्या फळीतल्या तरुण डेव्हिड टर्नबुलला जागा मिळाली, लीलला ३-२ हरवलं आणि लीगमध्ये ओळीने चार सामने जिंकले. पण तोवर रेंजर्स लांब गेला होता.

गोलरक्षकाचा प्रश्न एवढा गाजला, तो खरा होता का?

खरा होता, आणि टाळता येण्यासारखाही होता. २०१९-२०मध्ये फ्रेझर फॉर्स्टर साउदॅम्प्टनकडून उसना होता आणि त्याने कित्येक सामने एकहाती वाचवले होते. उन्हाळ्यात तो परत आला नाही. क्रेग गॉर्डन हार्ट्सकडे गेला. एकाच उन्हाळ्यात दोन अनुभवी गोलरक्षक गेले. त्यांच्या जागी एईके अथेन्सकडून वासिलिस बार्कासला विकत घेतलं. त्याचा जम बसेना म्हणून स्कॉट बेन आला, मग तरुण कॉनर हॅझर्ड, मग पुन्हा अदलाबदल.

गोलरक्षक सारखा बदलला की नुकसान फक्त अडवलेल्या फटक्यांत होत नाही. कॉर्नरच्या वेळी पुढे येऊन चेंडू कोण पकडणार, बचावपटूने सोडायचा की डोकं लावायचं, हे रोजच्या सरावातून ठरतं. इथे गोलरक्षक नवा, त्याच्यापुढचा शेन डफी ब्रायटनकडून उसना आलेला, म्हणून तोही नवा. त्यात ३० डिसेंबरला डंडी युनायटेडविरुद्ध गोलरेषेवर चेंडू अडवताना बचावपटू क्रिस्टोफर ज्युलियन खांबावर आदळला आणि गुडघा दुखावून मोसमातून बाहेर गेला.

परिणाम रेंजर्सच्या गोलांत बघा. १७ ऑक्टोबरचा पहिला गोल : फ्री किक आणि कॉनर गोल्डसनचं हेडर. २ जानेवारी : कॉर्नर, आणि कॅलम मॅकग्रेगरला लागून स्वयंगोल. २१ मार्च : कॉर्नर आणि अल्फ्रेदो मोरेलोसचं हेडर. थांबलेल्या चेंडूवर गोल खाणं हे दुर्दैव नसतं, तो सरावाचा हिशेब असतो.

चॅम्पियन्स लीगचं काय झालं?

२६ ऑगस्ट २०२०. दुसरी पात्रता फेरी, सेल्टिक पार्क, समोर हंगेरीचा फेरेंत्सव्हारोश. कोरोनामुळे त्या वर्षी पात्रता फेऱ्या एकाच सामन्याच्या होत्या, परतीची लढत नाही, चूक दुरुस्त करायला जागा नाही. मुख्य आघाडीपटू एदुआर दुखापतीमुळे नव्हता, नुकताच घेतलेला दुसरा आघाडीपटू आयेती सुरुवातीपासून खेळायला तयार नव्हता, म्हणून रायन क्रिस्टीला पुढे उभं केलं. तो मूळचा मधल्या फळीतला. क्रिस्टीने गोलही केला, पण सामना १-२ने गेला.

त्यानंतर लेनन जाहीरपणे म्हणाले की काही खेळाडूंना क्लब सोडायचा आहे. खरं असेलही, पण ड्रेसिंग रूममधली गोष्ट चव्हाट्यावर आली आणि मोसमाला पहिला तडा गेला. 'दहावं' होईपर्यंत कुणालाच विकायचं नाही, असा क्लबचा कल होता. कागदावर शहाणपणाचा. प्रत्यक्षात मन बाहेर असलेले खेळाडू आणखी एक वर्ष त्याच खुर्च्यांवर बसले. एदुआर, क्रिस्टी, बचावपटू आयर तिघेही पुढच्या उन्हाळ्यात गेलेच.

आणि युरोपा लीग?

रीगा आणि सारायेव्हो यांना प्रत्येकी १-० हरवून गटात प्रवेश. गटात मिलान, लील, स्पार्टा प्राग. सहा सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, चार गुण, १० गोल केले आणि १९ खाल्ले. मिलान तगडा संघ, त्याच्याकडून हरण्यात नामुष्की नाही. स्पार्टाकडून घरी आणि बाहेर दोन्हीकडे १-४, ती मात्र नामुष्कीच.

दुबईचं प्रकरण काय होतं?

२ जानेवारीला आयब्रॉक्सवर हरल्यानंतर संघ सरावासाठी दुबईला गेला. दर हिवाळ्याची पद्धत होती, आणि तेव्हाच्या नियमांत व्यावसायिक संघांना परवानगीही होती. पण स्कॉटलंडमध्ये लोक घरात कोंडलेले, आणि संघ उन्हात. परतल्यावर ज्युलियनची चाचणी पॉझिटिव्ह आली. ज्युलियन आठवतोय ना? गुडघा दुखावलेला, मोसमातून बाहेर गेलेला. तरीही तो दौऱ्यावर होता. निकट संपर्कामुळे पहिल्या संघातले १३ खेळाडू, लेनन आणि त्यांचे सहायक जॉन केनेडी विलगीकरणात गेले.

किंमत मोजू. ११ जानेवारी हिबर्नियन १-१, १६ जानेवारी लिव्हिंगस्टन ०-०, २० जानेवारी पुन्हा लिव्हिंगस्टन २-२. पुढे हॅमिल्टनवर २-० विजय आणि सेंट मिरेनकडून १-२ पराभव. आयब्रॉक्स धरून जानेवारीत सहा लीग सामने, १८पैकी ६ गुण.

लीग दुबईमुळे गेली असं मात्र म्हणता येत नाही. २ जानेवारीच्या संध्याकाळीच रेंजर्स १९ गुणांनी पुढे होता, सेल्टिकचे तीन सामने जादा शिल्लक होते एवढंच. दुबईने लीग नाही घालवली, उरलीसुरली सहानुभूती घालवली.

ऑगस्टमध्येही कोरोनाचं काहीतरी झालं होतं ना?

हो. बचावपटू बोली बोलिंगोली कुणाला न सांगता स्पेनला जाऊन आला, विलगीकरण न पाळता ९ ऑगस्टला किल्मार्नकविरुद्ध बदली म्हणून उतरलासुद्धा. सामना १-१. पुढचे दोन सामने पुढे ढकलले गेले. नंतर त्याला तुर्कस्तानात उसना पाठवलं.

रिकाम्या मैदानाचा फटका सेल्टिकला जास्त बसला का?

सेल्टिक पार्कची क्षमता ६० हजारांच्या वर आहे, आणि पाहुण्या संघांची दमछाक तिथला आवाजच अर्धी करतो. तो नव्हता. पण आयब्रॉक्सही रिकामंच होतं. प्रेक्षकांचा दाब नसल्याने रेंजर्सचे खेळाडू उलट मोकळे झाले, असा तर्क मांडला जातो. तो तपासायला मार्ग नाही. लंगडी सबब म्हणून ठीक.

रॉस काउंटीचं नाव इतक्यांदा का येतं?

कारण सेल्टिकच्या वाईट वर्षांवर या संघाची सही असते. डिंगवॉल हे उत्तरेकडचं पाच-सहा हजार वस्तीचं गाव. तिथला हा क्लब. १२ सप्टेंबर २०२०ला सेल्टिकने तिथे जाऊन ५-० विजय मिळवला होता. अडीच महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला तोच संघ सेल्टिक पार्कवर आला आणि लीग कपमध्ये ०-२ हरवून गेला. देशांतर्गत चषक स्पर्धांत सलग ३५ सामने जिंकण्याची सेल्टिकची मालिका तिथे तुटली. त्या संध्याकाळी मैदानाबाहेर शेकडो चाहते जमले, लोखंडी अडथळे ढकलले गेले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं.

मग २१ फेब्रुवारीला डिंगवॉलमध्ये जॉर्डन व्हाइटचं हेडर, ०-१, आणि तीन दिवसांनी लेनन यांचा राजीनामा. याआधीच्या कोरड्या मोसमात, १० एप्रिल २०१० रोजी, स्कॉटिश कपच्या उपांत्य फेरीत सेल्टिकला २-० हरवणारा संघही रॉस काउंटीच. तेव्हा तो दुसऱ्या विभागात होता. आणि तेव्हाही सेल्टिकच्या बाकावर हंगामी प्रशिक्षक म्हणून नील लेननच बसले होते!

लेनन यांना डिसेंबरमध्येच का बदललं नाही?

७ डिसेंबरला संचालक मंडळाने निवेदन काढलं : लेनन यांना पाठिंबा, आढावा नव्या वर्षात. कारणं समजण्यासारखी होती. जुन्या स्कॉटिश कपचा अंतिम सामना दोन आठवड्यांवर होता, लेनन खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून क्लबचे जुने, मानाचे माणूस, आणि तोवर त्यांनी जिंकूनही दिलं होतं. पण आढाव्याची तारीख नाही, निकष नाही. संघ जिंकला की 'सावरतोय', हरला की 'थोडं थांबू', असं करत फेब्रुवारी उजाडला. राजीनामा आला तेव्हा रेंजर्स १८ गुणांनी पुढे होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. शिवाय जानेवारीत लॉवेल यांचीही निवृत्ती जाहीर झालेली, त्यामुळे पुढचा प्रशिक्षक नेमायचा कुणी हेही अधांतरी राहिलं.

जॉन केनेडी यांच्या काळात फरक पडला का?

खेळ थोडा नीटस झाला, गुण नाही वाढले. आठ लीग सामने : तीन विजय, चार बरोबरी, एक पराभव, २४पैकी १३ गुण. ७ मार्चला टॅनाडिसवर डंडी युनायटेडशी ०-० झालं आणि सहा सामने शिल्लक असतानाच विजेतेपद रेंजर्सचं झालं. स्कॉटिश कपमध्ये फॉलकर्कवर ३-०, मग आयब्रॉक्सवर ०-२. त्या सामन्यात स्टीव्हन डेव्हिसचा उलट्या लाथेचा गोल, जॉनजो केनीचा स्वयंगोल, आणि शेवटी एदुआरची पेनल्टीही रेंजर्सचा गोलरक्षक ॲलन मॅकग्रेगरने अडवली.

काहीच चांगलं घडलं नाही का?

एदुआरने लीगमध्ये १८ गोल केले आणि तोच लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. टर्नबुल व्यावसायिक खेळाडू संघटनेचा वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. दुसरा क्रमांकही कधी धोक्यात आला नाही. पण सेल्टिकमध्ये दुसऱ्या क्रमांकाचं कौतुक करायची रीत नाही.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचे निर्णय तपासण्याची पद्धत, असतं तर?

तेव्हा स्कॉटिश लीगमध्ये नव्हतं, ऑक्टोबर २०२२मध्ये आलं. २५ गुण पंचांनी दिले नाहीत.

मग बाकीचे चषक रेंजर्सने नेले का?

नाही. दोन्ही चषक पर्थच्या सेंट जॉनस्टनने जिंकले, प्रशिक्षक कॅलम डेव्हिडसन. लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हिंगस्टनवर १-०, स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हिबर्नियनवर १-०, दोन्ही गोल शॉन रूनीचे. रेंजर्सला लीग कपमध्ये सेंट मिरेनने आणि स्कॉटिश कपमध्ये याच सेंट जॉनस्टनने बाद केलं. म्हणूनच सेल्टिकच्या चाहत्यांना ही सल जास्त बोचते : चषक मोकळे पडले होते.

याआधी सेल्टिक कधी रिकाम्या हाताने परतला होता?

२००९-१०मध्ये. टोनी मॉब्री प्रशिक्षक होते, २४ मार्च २०१०ला सेंट मिरेनकडून ०-४ हरल्यावर त्यांना जावं लागलं. 'दहावं' हुकलेल्या मागच्या दोन मोसमांशीही तुलना होते. १९७४-७५मध्ये सेल्टिकची लीग गेली, पण दोन्ही चषक आले. १९९७-९८मध्ये रेंजर्सच्या हाती मात्र काहीच लागलं नाही, स्कॉटिश कपचा अंतिम सामनाही हार्ट्सने २-१ने नेला. म्हणजे २०२०-२१ची जोडी लागते ती १९९७-९८च्या रेंजर्सशी : थकलेला, जिंकून भागलेला संघ, ज्याला एक वर्ष आधीच ताजं करायला हवं होतं.

या दोन क्लबांचा भारताशी काही संबंध?

थोडा आहे. १९३६मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम सेल्टिककडून अनवाणी खेळला, पायाला पट्ट्या गुंडाळून. आणि २०२०मध्ये मणिपूरची बाला देवी रेंजर्सच्या महिला संघात दाखल झाली, याच मोसमात, डिसेंबरात, तिने मदरवेलविरुद्ध गोलही केला.

पुढच्या वर्षी काय बदललं?

आधी गोंधळ वाढला. एडी हाव प्रशिक्षक म्हणून येणार म्हणून आठवडेच्या आठवडे गेले, मेअखेर बोलणी फिसकटली. १० जून २०२१ला अँजे पोस्टेकोग्लू यांची नेमणूक झाली. तयारीला वेळ नव्हता. दुसऱ्या क्रमांकामुळे चॅम्पियन्स लीगची पात्रता दुसऱ्या फेरीपासून खेळावी लागली आणि मिटयुलँडने तिथेच बाहेर काढलं. लीगच्या पहिल्या सहा सामन्यांत तीन पराभव.

पण दुरुस्त्या नेमक्या जागी होत्या. गोलमध्ये जो हार्ट आला आणि तो हलला नाही. बचावात कॅमेरन कार्टर-विकर्स, पुढे क्योगो फुरुहाशी आणि जोटा, जानेवारीत हाताते, माएदा आणि ओ'रायली. त्या तीन पराभवांनंतर लीगमध्ये सलग ३२ सामने अपराजित. २९ विजय, ६ बरोबरी, ३ पराभव, ९३ गुण, रेंजर्स ८९. बरोबऱ्या ११वरून ६वर आल्या, खरी दुरुस्ती तीच. लीग कपही जिंकला, क्योगोचे दोन गोल.

जुने सामने बघून हा मोसम समजून घ्यायचा असेल तर कुठले बघावेत?

मोठ्या पराभवांपासून सुरुवात करू नका. २ मेचा १-४ काहीच शिकवत नाही, तोवर सगळं संपलं होतं. आधी २६ ऑगस्टचा फेरेंत्सव्हारोश सामना बघा. चेंडू बहुतेक वेळ सेल्टिककडेच आहे, पण गोलसमोरच्या पेटीत कुणी नाही. मग २९ ऑक्टोबरचा लील सामना, दुसरं सत्र, बचावफळी आणि मधली फळी यांतलं अंतर मोजत. नंतर २ जानेवारीचा आयब्रॉक्स सामना पहिल्या मिनिटापासून : तासभर सेल्टिक सरस आहे, ६२व्या मिनिटाला नीर बिटॉनला लाल कार्ड, आठ मिनिटांनी कॉर्नरवर स्वयंगोल. शेवटी ७ मार्चचा टॅनाडिसवरचा ०-०. कंटाळवाणा आहे, तरी बघा. आणि जमलं तर त्याला जोडून त्याच मैदानावरचा ११ मे २०२२चा १-१. त्या एका गुणाने सेल्टिकने लीग परत मिळवली.